धक्कातंत्र, जाहिरातीतील

पाहणाऱ्याची लाज, भीती, श्रद्धा किंवा किळस मुद्दाम डिवचून लक्ष वेधून घेण्याची जाहिरातीची एक रीत. लोक चिडणार, तक्रारी होणार हे तीत आधीच हिशेबात धरलेले असते. कारण वाद पेटला की वर्तमानपत्रे तीच जाहिरात बातमी म्हणून फुकट छापतात.

या तंत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण इटलीतील बेनेटन या कपड्यांच्या कंपनीचे. छायाचित्रकार ऑलिव्हिएरो तोस्कानी (१९४२–२०२५) यांनी १९८२ पासून १८ वर्षे तिच्या जाहिराती केल्या. १९९१ साली त्यांनी नाळ न कापलेले, रक्ताने माखलेले नवजात अर्भक फलकांवर झळकवले. ब्रिटनमध्ये त्याविरुद्ध ८०० हून अधिक तक्रारी आल्या आणि फलक उतरवावे लागले.

पुढच्याच वर्षी एड्सने मरणपंथाला लागलेल्या डेव्हिड कर्बी या अमेरिकी तरुणाची पाळी आली. थेरेस फ्रेअर यांनी टिपलेले त्याचे कृष्णधवल छायाचित्र १९९० मध्ये ‘लाइफ’ मासिकात आले होते. हाडांचा सापळा झालेल्या मुलाचे डोके बापाने कवटाळले आहे, मुलाची नजर शून्यात लागली आहे. बेनेटनने त्यात रंग भरले आणि वर आपली हिरवी पट्टी लावली. चित्रात विकाऊ स्वेटर एकही नव्हता. परक्याच्या दुःखावर धंदा चालवल्याचा आरोप झाला. कर्बीच्या आईवडिलांनी मात्र एड्सकडे जगाचे लक्ष जावे म्हणून संमती दिली होती.

‘एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह’ असा शिक्का उमटवलेल्या देहांची बेनेटनची जाहिरात जर्मनीत न्यायालयात गेली. संघीय न्यायालयाने १९९५ साली ती छापण्यास मनाई केली. २००० साली घटना न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे तो निकाल फिरवला. त्याच वर्षी अमेरिकेतील फाशीच्या कैद्यांवरील मालिका कंपनीच्या अंगाशी आली. सिअर्स या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतून बेनेटनचा माल काढला आणि तोस्कानी बाहेर पडले.

भारतात १९९५ ची टफ बुटांची जाहिरात अशीच गाजली. मॉडेल मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्या अंगावर बुटांखेरीज काही नव्हते. होता तो दोघांना वेढलेला अजगर. मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ वर्षे तारखा पडत राहिल्या आणि २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

लोकहिताच्या प्रचारातही हे तंत्र वापरले जाते. तेथे धक्का आणि विषय यांचा संबंध थेट असल्याने त्याचे समर्थन करणे सोपे जाते. तंबाखूच्या पाकिटांवर भारतात मे २००९ पासून सचित्र इशारा आला आणि एप्रिल २०१६ पासून त्याने दोन्ही दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हा नियम रद्द केला. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिल्याने ८५ टक्क्यांचा इशारा कायम राहिला.