जमिनीत गाडलेला पाईल न खोदता कसा तपासतात?

वरची माती भुसभुशीत असेल, तर उंच इमारतीचा किंवा उड्डाणपुलाचा भार पाईलवर टाकतात. पाईल म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून आणि काँक्रीट भरून केलेला खांब. काँक्रीट ओतताना भोकाची कड ढासळली, तर पाईल मध्येच बारीक होतो किंवा त्यात माती अडकते. वरून बघून हे कळत नाही.

हातोडी आणि सेन्सर

सगळ्यात सोपी आणि स्वस्त टेस्ट म्हणजे पाईल इंटिग्रिटी टेस्ट, म्हणजेच पीआयटी. पाईलच्या माथ्यावरचं कच्चं काँक्रीट फोडून जागा सपाट करतात, त्यावर ॲक्सेलरोमीटर चिकटवतात आणि छोट्या हातोडीने टोला देतात. फोन आडवा केल्यावर स्क्रीन फिरते ती अशाच सेन्सरमुळे. इथला मात्र कितीतरी अचूक असतो.

टोल्याची लहर काँक्रीटमधून सेकंदाला साधारण ४००० मीटर वेगाने खाली जाते आणि तळावरून परत येते. ती १० मिलिसेकंदांत परतली, तर तिने ४० मीटर अंतर कापलं, म्हणजे पाईल २० मीटरचा. ५ मिलिसेकंदांतच प्रतिध्वनी आला, तर १० मीटरवर काहीतरी गडबड असू शकते.

गोची कुठे आहे?

वेग आपण धरून चालतो. तेच १० मिलिसेकंद ३८०० च्या वेगाने १९ मीटर दाखवतात आणि ४२०० च्या वेगाने २१ मीटर. शिवाय पाईल फार लांब आणि सडपातळ असेल, तर प्रतिध्वनी वाटेतच विरतो. बारीकसारीक दोष दिसत नाहीत. आणि पाईल किती वजन पेलेल, हे पीआयटी सांगतच नाही. त्यासाठी लोड टेस्ट वेगळी करावी लागते.

आणखी दोन पद्धती

क्रॉसहोल सोनिक टेस्टमध्ये पिंजऱ्याला आधीच नळ्या बांधतात. नंतर त्यांत पाणी भरून एका नळीतून अल्ट्रासोनिक लहर सोडतात आणि दुसरीतून पकडतात. लहर उशिरा किंवा क्षीण पोचली, तर तिथलं काँक्रीट संशयास्पद. पण पिंजऱ्याबाहेरचा थर यात सुटतो. थर्मल टेस्टमध्ये सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता मोजतात. जिथे काँक्रीट कमी, तिथे तापमान कमी. त्यामुळे बाहेरच्या थराचाही अंदाज येतो.

एवढा खटाटोप कशाला?

हाँगकाँगच्या शा टिन भागात सरकारी गृहयोजनेच्या दोन उंच इमारतींखालचे बरेच पाईल आराखड्यापेक्षा आखूड निघाले. तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. शेवटी दोन्ही पाडाव्या लागल्या.

भारतात या टेस्टसाठी आयएस १४८९३ हे मानक आहे. पण रिपोर्टवर ‘ओके’ दिसलं, तरी त्याचा अर्थ इतकाच की या टेस्टला मोठा दोष सापडला नाही. म्हणूनच आलेख वाचणाऱ्या इंजिनिअरच्या हातात पाईल ओततानाच्या नोंदीही हव्यात: भोक किती खोल गेलं, काँक्रीट किती लागलं. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर पुढचं काम थांबवून आणखी तपासणी करायची.