काबूलचा बर्फ आणि कुलाब्याची भिंत

काबुलात एक जुनी फारसी म्हण आहे. तिचा अर्थ असा की, काबूल सोन्यावाचून राहो, पण बर्फावाचून न राहो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर, कोरड्या डोंगरांच्या कुशीत आहे. पाऊस बेताचाच. हिवाळ्यात हिंदुकुशावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, तेव्हा नदीला आणि कालव्यांना पाणी येते. मृग कोरडा गेला की आपल्या यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. बर्फ पडला नाही की काबूलच्या बागवानाचे तेच होते. त्याच्यासाठी बर्फ म्हणजे रहमत.

पण इतिहासाच्या तासाला पहिल्या अफगाण युद्धाचा विषय निघाला की मुले हमखास म्हणतात, "सर, इंग्रजांच्या फौजेला बर्फाने मारले." हे उत्तर अर्धेच खरे आहे.

इंग्रजांनी १८३९ मध्ये शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव महाराष्ट्राला परिचयाचे आहे. आधी नागपूरला, मग पुण्याला रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर. त्यांनी १८०९ मध्ये पेशावरला जाऊन याच शाह शुजाची भेट घेतली होती. गरीब, थंड आणि दूरच्या त्या मुलखात त्याला गादीवर टिकवणे अशक्य आहे, असे त्यांनी वेळीच कळवले होते. कोणी ऐकले नाही. पुढे खर्च वाचवण्यासाठी खिंडी राखणाऱ्या घिलझाई टोळ्यांचा तनखा निम्मा केला गेला. खिंडी बंद झाल्या त्या इथे, बर्फ पडण्याच्या आधी.

६ जानेवारी १८४२ रोजी फौज काबूलहून जलालाबादकडे निघाली. सेनापती होते याच एल्फिन्स्टनांचे चुलतभाऊ, वयस्कर आणि संधिवाताने जर्जर. सैनिक सुमारे साडेचार हजार, त्यांतले बहुतेक हिंदुस्थानी शिपाई. त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे: भिश्ती, धोबी, खानसामे, साईस, बायका, मुले. गंगेच्या मैदानातली ही माणसे. पहिल्याच रात्री अनेकांना उघड्यावर, बर्फावर झोपावे लागले. सकाळी कित्येक जण उठलेच नाहीत. घोड्यांच्या जुन्या झुली फाडून, अफगाणांप्रमाणे पायांना पट्ट्या गुंडाळाव्यात, असे मेजर पॉटिंजर यांनी सुचवले होते. तेही कोणी मनावर घेतले नाही. ८ तारखेला खुर्द काबूलच्या खिंडीत वरून गोळ्या बरसल्या.

१३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन एकटे जलालाबादला पोहोचले आणि "एकच माणूस वाचला" ही कथा जगभर गेली. ती खरी नाही. ओलीस ठेवलेले इंग्रज त्याच वर्षी सुटले. हातापायांची बोटे गमावलेले कित्येक हिंदुस्थानी काबूलच्या रस्त्यांवर भीक मागताना सापडले. ते मोजणीत नव्हते, म्हणून कथेतही आले नाहीत.

या युद्धाची खूण आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुंबईत कुलाब्याला "अफगाण चर्च" म्हणून ओळखले जाणारे चर्च १८५८ मध्ये खुले झाले. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत पडलेल्यांचे ते स्मारक. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. साध्या सैनिकांबद्दल एवढेच म्हटले आहे की, ते इतके होते की नावे लिहिणे शक्य नाही. पखाल वाहणाऱ्या भिश्त्याचा तर उल्लेखही नाही.

बर्फ दरवर्षी पडतो आणि काबूलकर दरवर्षी जगतात. झुली फाडायच्या कोणी, तनखा कापायचा कोणी, फौज कधी हलवायची, हे बर्फ ठरवत नाही. दुष्काळ असो की गारपीट, "निसर्गाने मारले" असे कोणी म्हणाले, की निर्णय घेणारा त्या शब्दाआड सुखाने लपतो. म्हणून मी मुलांना सांगतो, मेलेल्यांची संख्या विचारा, त्यांची नावेही विचारा आणि हुकूम कोणाचा होता, हेही विचारा.