शेतकरी कामगार पक्ष
शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) हा महाराष्ट्रातील डाव्या विचारसरणीचा राजकीय पक्ष आहे. ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनी प्रथम काँग्रेसअंतर्गतच शेतकऱ्यांचा गट बांधला. अशा गटांना मनाई झाल्यावर १९४८ साली ही मंडळी बाहेर पडली.

१९५० च्या दाभाडी (जि. नाशिक) येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली, ती ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखली जाते. पक्षाचा मूळ पेच येथेच दिसतो. अनुयायी मिळाले ते बहुजन समाजाच्या अस्मितेमुळे, कार्यक्रम मात्र वर्गलढ्याचा होता. काही वर्षांतच जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक म्हणून पक्षाला पुन्हा बळ मिळाले. परंतु १९६० साली राज्य स्थापन होताच समितीला जोडणारा धागा तुटला. यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’त अनेक कार्यकर्ते सत्ताधारी पक्षाकडे गेले. सहकारी संस्थांतील सत्तेचे आकर्षणही त्यामागे होते.

पुढे पक्षाचा प्रभाव मुख्यतः रायगड जिल्हा व सांगोला (जि. सोलापूर) अशा मोजक्या भागांत उरला. सांगोल्यातून गणपतराव देशमुख ११ वेळा विधानसभेवर निवडून आले.