चार गळे, चार स्वर

पोंभुर्ण्याच्या परिसरात धानाचा रोवणा सुरू झाला की बांध्यांमध्ये ओळीने वाकलेल्या बाया गाणे उचलतात. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी झेलायची. गोंडी वस्त्यांवर रेलाची ओळ अशीच एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे जाते. दंडारीत आणि भजनी मंडळात मुख्य गाणाऱ्यामागे बाकीचे साथ धरतात. तेव्हा समूहाने गाण्याची महती इथल्या वाचकाला मी सांगायला नको. त्याला नवे आहे ते वेगळेच. आपल्या या गाण्यांत गळे दहा असोत की पन्नास, चाल एकच असते. जाड आवाजाचा माणूस ती खालच्या सप्तकात गाईल, पोर वरच्या सप्तकात गाईल, पण स्वर तोच. पुढच्या पानांत ज्या गायनाची ओळख होणार आहे, त्यात चौघे एकाच क्षणी एकच अक्षर उच्चारतात आणि चौघांचे स्वर मात्र चार असतात. साधारण १९३० ते १९६० या काळात अमेरिकेच्या जॅझ संगीतात हे चौकडीचे गायन बहरले, आणि ध्वनिमुद्रिकांमुळे ते आज आपल्याही हाती आहे.

मराठी कानाला हार्मनी परकी वाटते, असे अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. तंबोरा नीट जुळला, जवारी उघडली, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. तार कंप पावते तेव्हा तिच्या मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही तिच्यातून निघत असतात. तिप्पट कंपनांचा तो पंचम, पाचपट कंपनांचा तो गंधार. सा, ग आणि प ही पाश्चात्त्य हार्मनीची पहिली तिकडी आपल्या गवयाच्या पाठीमागे अशी मैफलभर घुमत असते. चौकडीतले गायक हे तीन स्वर गळ्यांत वाटून घेतात आणि त्यांत आणखी एक मिसळतात, बहुधा निषाद किंवा धैवत. जॅझचा खास रंग पुष्कळदा या चौथ्या स्वराने चढतो. तंबोऱ्याशेजारी बसून वाढलेल्या श्रोत्याला इथे शून्यातून सुरुवात करायची नाही, एवढे मला पहिल्यांदा सांगायचे आहे.

आपल्या बाजूला ही वाट आधी तुडवली गोव्याने. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. गोव्याचा मांडो ऐका: वरचा आवाज चाल सांभाळतो, आणि खालचा बहुतेक वेळ तिच्यापासून तिसऱ्या स्वरावर राहून तिच्याच वळणांनी चालतो. साथीला घुमट आणि व्हायोलिन. या शाळांत तयार झालेले वादक पुढे मुंबईत आले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले, आणि नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये त्यांना त्यांच्या बँडसह पडद्यावर आणले. १९५८ मध्ये सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर उभा केला आणि लोकगीते अनेक आवाजांत बांधून दाखवली. हे सगळे आपले धन आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवे. पण चारच गळे, चौघांचा तोलामोलाचा वाटा आणि जॅझच्या चौथ्या स्वराची ओढ हे एका ठिकाणी शोधायचे, तर अमेरिकेतच मुक्काम करावा लागतो.

तिथे आधी भेटतात ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स. ट्रम्पेट, ट्युबा, ट्रॉम्बोन यांचे आवाज हे चार भाऊ नुसत्या तोंडाने काढीत. १९३१ च्या त्यांच्या 'टायगर रॅग'मध्ये खरे वाद्य एकच, गिटार. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून तबकड्यांवर तसे छापले जाई. १९३६ मध्ये खर्ज गाणारा भाऊ जॉन वारला, आणि त्याच्या जागी त्यांचे वडील उभे राहिले. पन्नास जणांच्या मेळ्यात एखादा नसला तर चालून जाते. चौकडीत प्रत्येक स्वराला एकच धनी असतो. तो गेला की स्वरच जातो. या गायनातली जबाबदारी किती मोठी असते, हे त्या घराच्या हकिकतीइतके स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेले नाही.

या प्रकाराचा खरा वळणबिंदू मात्र 'द फोर फ्रेशमेन'. १९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या आर्थर जॉर्डन संगीतशाळेत शिकणारे रॉस आणि डॉन बार्बर हे दोघे भाऊ, त्यांचा नात्यातला भाऊ बॉब फ्लॅनिगन आणि मित्र हॅल क्रॅट्श एकत्र आले. चौघेही वाद्ये वाजवीत, त्यामुळे वेगळ्या बँडची त्यांना गरज नव्हती. १९५० मध्ये डेटन शहरात मोठ्या वाद्यवृंदाचा नायक स्टॅन केंटन याने त्यांना ऐकले आणि कॅपिटॉल या ध्वनिमुद्रिका कंपनीपर्यंत पोचवले. १९५२ मध्ये 'इट्स अ ब्लू वर्ल्ड' आले आणि त्यांचे नाव झाले.

त्यांनी नवे काय केले, ते भजनी मंडळाच्या हार्मोनियमवर हाताने करून पाहता येते. पांढरी एक हा षड्ज धरा. सा, ग, प, नि हे चार स्वर एकदम दाबा. नाद दाट येतो, किंचित गिचमिडीचा. आता मधला ग उचला आणि तो वरच्या सप्तकात न्या. खाली सा, त्यावर प, मग नि आणि सगळ्यांत वर ग. स्वर तेच चार, पण त्यांच्यामध्ये हवा खेळू लागते. अमेरिकेतल्या 'बार्बरशॉप' म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या चौकड्यांमध्ये स्वर सहसा एकमेकांना खेटून असत आणि चाल आतल्या आवाजात असे. फ्रेशमेनांनी चाल वर आणून फ्लॅनिगनच्या गळ्यात दिली आणि बाकीचे स्वर खाली पांगवले. गाणारे चारच असूनही नाद भरगच्च का वाटतो, त्याचे उत्तर मुख्यतः या मांडणीत आहे. दुसरे कारण सुरेलपणाचे. हार्मोनियमचा गंधार पेटीत कायमचा बसवलेला, तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या वाद्याला दार बंद ठेवले, त्यामागच्या आक्षेपांत हा एक मोठा आक्षेप होता. गळ्याला असे बंधन नाही. शेजारच्याचा स्वर ऐकत चौघे आपापला स्वर सूतभर सरकवतात आणि मेळ जुळतो.

त्यांची 'फोर फ्रेशमेन अँड फाइव्ह ट्रॉम्बोन्स' ही १९५० च्या दशकाच्या मध्याची एलपी मला या साऱ्या काळातली सर्वांत सुंदर वाटते. पीट रुगोलोने पाच ट्रॉम्बोन गायकांच्या मागे असे बसवले आहेत, की गळा कुठे संपला आणि पितळ कुठे सुरू झाले हे काही जागी कळतच नाही. ट्रॉम्बोनचा पल्ला पुरुषाच्या आवाजाच्या जवळचा, शिवाय फ्लॅनिगन स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारा.

१९५३ मध्ये जमलेली 'द हाय-लोज' ही चौकडी याच्या पुढे गेली. जीन प्यूअरलिंग तिचा रचनाकार. त्याला अक्षरागणिक स्वरमेळ बदलायची हौस, आणि क्लार्क बरोज हा गायक तर थक्क व्हावे इतका वर जाई. १९५७ ची 'सडनली इट्स द हाय-लोज' ऐकताना कधी कधी करामत गाण्याच्या पुढे धावते, असे मला स्पष्ट वाटते. पुढच्याच वर्षी मार्टी पेचच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या 'अँड ऑल दॅट जॅझ'मध्ये मात्र तीच करामत लयीवर स्वार होते, आणि तिथे प्यूअरलिंगला तोड नाही. नंतर 'सिंगर्स अनलिमिटेड'मध्ये त्याने चौघांचे आवाज फितीवर पुन्हा पुन्हा चढवून मोठा मेळा उभा केला. ते काम अप्रतिम आहे, पण एका खोलीत चौघे एकमेकांकडे कान लावून गात आहेत, हा आनंद त्यात कमी होतो. म्हणून या पुस्तकात त्याला थोडीच जागा दिली आहे.

आता ऐकण्याविषयी. 'बीच बॉइज' या अमेरिकी बँडचा ब्रायन विल्सन पोरवयात फ्रेशमेनांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून पियानोवर एकेक आवाज वेगळा काढीत बसे. आपल्याकडे पियानो नसला तरी पेटी आहे, आणि आता गाणे हवे तितके मागे नेता येते. 'इट्स अ ब्लू वर्ल्ड'पासून सुरुवात करावी. गाणे संथ आहे, स्वर लांब धरलेले आहेत, धांदल होत नाही. पहिल्यांदा नुसती वरची चाल ऐकावी. मग कान तळाशी न्यावा आणि सगळ्यांत खालचा आवाज शेवटपर्यंत सोडू नये. बांधकाम कशावर उभे आहे ते तिथे कळते. मधले दोन आवाज सापडायला वेळ लागतो, पुष्कळांना दिवस लागतात, आणि त्यात वावगे काही नाही. पेटीवर एकेक पट्टी दाबून गाण्याशी ताडून पाहावे. जी पट्टी दाबल्यावर गाण्यात विरघळते, ती बरोबर. असा एक मधला आवाज पुरता हाती आला की तो एकटा वाजवावा. त्यात चाल म्हणावी असे फारसे नसते. एखादा स्वर बराच वेळ धरून ठेवलेला, मग अर्ध्या स्वराने खाली सरकलेला, पुन्हा धरलेला. तो गुणगुणत मूळ गाणे लावावे आणि बाकीचे तिघे त्याच्याभोवती कसे फिरतात ते ऐकावे.