विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

विजयदुर्गाच्या किल्ल्यांत कांहीं दगडी ओटे आहेत. लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८६८ सालीं लॉकियर साहेबानें येथूनच खग्रास सूर्यग्रहण पाहिलें व हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा या किनाऱ्यावर प्रचलित आहे. कथा गोड आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाहीं.

१८ ऑगस्ट १८६८ चें ग्रहण हिंदुस्थानांत दिसलें, हें खरें. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंटूर येथें त्याचे वेध घेतले. लॉकियर मात्र विलायतेंतच होते. २० ऑक्टोबर रोजीं, ग्रहण नसतांनाच, त्यांनीं वर्णपटदर्शकांतून सूर्याच्या कडेवरील ज्वाळा न्याहाळल्या. त्यांतील एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशीं जुळेना. त्या अज्ञात द्रव्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हें नांव मिळालें. १८९५ त रॅम्झे यांना तें पृथ्वीवरील एका खनिजांत सांपडलें, तेव्हां कोठें शंका फिटली.

मग विजयदुर्गाचें काय? लॉकियर तेथें खरोखर आले. पण तीस वर्षांनंतर. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं त्यांनीं तेथें तळ दिला. 'मेल्पोमिनी' या लढाऊ जहाजावरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. त्याच दिवशीं पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीं जेऊर येथून वेध घेतले. लोकस्मृतींत दोन ग्रहणें एक होऊन गेलीं, असेंच म्हणावें लागतें.

तारे जन्मतात कसे, हा लॉकियर यांच्या ध्यासाचा विषय. उल्कांचे थवे परस्परांवर आदळून तारे होतात, हें त्यांचें मत टिकलें नाहीं. अतिशीत वायु व धूळ यांचे मेघ स्वतःच्याच भारानें आकसून तारे बनतात, हें आतां ठाऊक आहे. या वायूंत हायड्रोजनखालोखाल हेलियमच असतो. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांचें कोडें अधिक अवघड. असा तारा पुरता वाढण्याआधींच पेटतो आणि त्याच्या प्रकाशाचा दाब येणाऱ्या वायूस मागें लोटतो. तरीही तो वाढतो. कारण वायु चकतीच्या रूपानें भोंवतीं फिरत आंत उतरतो व प्रकाश दोन्ही मोकळ्या बाजूंनीं निसटतो. सूर्याचें आयुष्य सुमारें एक हजार कोटी वर्षांचें. या बलाढ्यांपैकीं कित्येक तीस-चाळीस लाख वर्षांतच संपतात.

हिंवाळ्याच्या रात्रीं मृग नक्षत्रांतील बाणाच्या दक्षिणेस एक अंधुक ठिपका दिसतो. सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेली ती अशा ताऱ्यांची सूतिकागृहच होय.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाहीं, म्हणून ओट्यांचें मोल घटत नाहीं. सूर्याचें सत्य शोधण्यास माणसें येथवर आलीं. त्या स्थळाविषयीं सत्यच सांगणें, हाच त्यांचा खरा मान.