पिंपरीचे नाव धारण करणारा सूक्ष्मजीव

गावांची नावे ताम्रपटांत सापडतात, बखरींत सापडतात, महसुलाच्या दफ्तरांत सापडतात. पिंपरीचे नाव मात्र सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन नामावलीतही आहे. स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना हे ते नाव. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा गंध ज्या जीवांमुळे येतो, त्याच कुळातला हा एक.

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी केंद्र सरकारने स्थापन केली. त्या वेळी पिंपरी हे पुणे-मुंबई रस्त्यावरचे लहानसे गाव होते. टेल्को आणि बजाजचे कारखाने पुढच्या दशकातले, नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची. चाकणची औद्योगिक वसाहत तर त्याहून कितीतरी नंतरची. आज 'एच. ए.' म्हटले की अनेकांना वसाहत नाहीतर बसथांबा आठवतो. परंतु या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाचे पहिले पान वाहनांचे नसून बुरशीचे आहे, हे विसरता कामा नये.

युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आयात होणारे महागडे औषध देशात तयार व्हावे, एवढाच मर्यादित हेतू असता तर उत्पादन विभाग पुरेसा होता. पण कारखान्याच्या आवारात संशोधन विभागही होता, आणि आपली खरी कथा तिथे घडते.

या विभागाचे प्रमुख होते एम. जे. तिरुमलाचार. शिक्षणाने आणि वृत्तीने ते बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवर पडणारा तांबेरा आणि काणी हे त्यांच्या अभ्यासाचे मूळ विषय, बी. बी. मुंडकूर यांच्यासमवेत त्यांनी भारतातील काणी-बुरशींवर लिहिलेला ग्रंथ १९५२ चा आहे. असा माणूस औषधाच्या कारखान्यात काय करणार, असा प्रश्न पडेल. वस्तुतः पेनिसिलिन हेच मुळी बुरशीचे अपत्य, आणि नव्या प्रतिजैविकांचा शोध म्हणजे मातीतून सूक्ष्मजीव वेगळे काढणे, वाढवणे, ओळखणे आणि ते काय स्रवतात हे तपासत बसणे. हे काम शेतीतल्या रोगांच्या अभ्यासकाच्या हातचेच होते.

तो काळ जगभर मातीचे नमुने चाळण्याचा होता. एरिथ्रोमायसिनची माती फिलिपिन्सची, अँफोटेरिसिन-बी ची व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीकाठची. ही माती परक्या देशांतून गोळा होई आणि औषध अमेरिकेत आकाराला येई. पिंपरीत माती आणि प्रयोगशाळा एकाच ठिकाणी होत्या.

स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिनापासून मिळालेल्या नव्या बुरशीनाशकाचा निबंध १९६१ मध्ये तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट यांनी प्रसिद्ध केला. औषधाचे नाव हॅमायसिन. त्यातला 'हॅ' हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या 'एच. ए.' या आद्याक्षरांतून आलेला. न्यूयॉर्क राज्यावरून निस्टॅटिन हे नाव पडले होते, त्याच वळणाचे हे नामकरण.

बुरशीनाशकच का? जीवाणूंना मारणारी औषधे सर्रास वापरात आली, तेव्हा जीवाणूंनी दाबून ठेवलेल्या कॅन्डिडासारख्या बुरशींना शरीरात मोकळे रान मिळू लागले. पेनिसिलिनच्या युगाने स्वतःच निर्माण केलेली ही गरज होती. हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटते, पटल गळू लागते आणि पेशी मरते. मानवी पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. दोन्ही रेणू बरेच सारखे आहेत, आणि या कुळातल्या औषधांच्या विषारीपणाचे मूळ याच साम्यात आहे.

अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्लास्टोमायकोसिस या बुरशीजन्य रोगावर हॅमायसिनचे प्रयोग झाले. पण ते पाण्यात विरघळत नाही, आणि शरीरात खोलवर देताना विषारीपणा आडवा येतो. ती जागा अँफोटेरिसिन-बी कडे राहिली. हॅमायसिनचा वापर मुख्यतः वरून लावण्यापुरता उरला.

१९६४ मध्ये तिरुमलाचार, राहळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंजिन जाहीर केले. हे शेतीसाठी, पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी. मला हा शोध अधिक मोलाचा वाटतो: तांबेरा-काणीचा अभ्यासक औषधकारखान्यातून पुन्हा शेताच्या बांधावर पोहोचला.

हे निबंध कुठे छापले गेले? 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या कारखान्याच्याच नियतकालिकात. ते १९५८ मध्ये सुरू झाले होते. एका सरकारी कारखान्याने स्वतःचे वैज्ञानिक नियतकालिक चालवावे ही गोष्ट साधी नव्हे. मात्र याची दुसरी बाजूही आहे. घरच्या नियतकालिकात छापलेला शोध बाहेरच्या वाचकापर्यंत उशिरा पोहोचतो, आणि संशोधनाचे मोजमाप करणारे बहुधा मोठ्या नियतकालिकांचीच पाने मोजतात. आणखी एक विसंगती: ज्या काळात येथे नवी प्रतिजैविके शोधली जात होती, त्याच काळात स्ट्रेप्टोमायसिन बनवण्याचे तंत्र मात्र मर्क या अमेरिकन कंपनीकडून घेतले गेले. नवा रेणू शोधणे आणि तो टनावारी, स्वस्तात बनवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. आपल्या औद्योगिक इतिहासात पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याचा हिशेब कोणी मांडत नाही. १९९७ मध्ये हाच कारखाना आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेला.

१९६८ च्या बुलेटिनमध्ये अँटिअमीबिन या आणखी एका द्रव्याचा निबंध आला. ते अमीबा आणि कृमींविरुद्ध वापरावे अशी कल्पना होती. त्याच्या स्रोतांत दोन बुरशी आहेत: एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस आणि सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना. म्हणजे पुणे आणि पिंपरी पुन्हा एकदा लॅटिनमध्ये. औषध म्हणून अँटिअमीबिनचा बोलबाला झाला नाही. परंतु हा छोटा पेप्टाइड पेशीपटलातून आयन ये-जा करतील अशी वाट तयार करतो हे लक्षात आल्यावर जीवभौतिकीच्या अभ्यासकांनी तो उचलला, आणि १९९८ मध्ये, पिंपरीतल्या निबंधानंतर ३० वर्षांनी, त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली.