पैसा सरकारचा, शाळा कोणाची?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात सरकारी शिक्षणखाते नव्हते, पण शाळा होत्या. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली नोंदवले की, आपल्या अमलातले लहानमोठे गाव शाळेवाचून क्वचितच असेल. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर कोणाच्या पडवीत भरे. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मग मोडी वाचायला-लिहायला शिकायचे, पावकी-निमकी-अडीचकी घोकायची आणि शेवटी जमाखर्च. ऐपतीप्रमाणे कोणी पंतोजींना ओंजळभर धान्य देई, कोणी महिन्याला रुपया. त्याच दशकात मुंबई इलाख्यात शाळांची मोजणी झाली तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी भरले; सरकारी शाळा त्यांत अवघ्या २५ होत्या. सरकारने पैसा ओतल्याशिवाय लोक मुलांना शिकवतच नाहीत, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

१८५४च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले आणि त्याबरोबर तपासणीही आली. मुक्त बाजाराचे समर्थक इथेच बोट ठेवतात: जो पैसा देतो तो हुकूमही देतो. मला हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे पुरावे ठायी ठायी आहेत. १९०७च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी-शिक्षकांच्या राजकारणाला आळा घालताना अनुदान काढून घेण्याचाच धाक दाखवला. परके सरकार होते म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण १९४८ साली, स्वराज्यात, भाऊराव पाटलांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले. खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांसाठी उभी राहिलेली, लोकांनी मूठमूठ धान्य देऊन जगवलेली ती संस्था. अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले, पण मधल्या काळात तिला लोकांनीच सावरले. शाळेत काय शिकवले जाते याच्याशी त्या निर्णयाचा काडीचाही संबंध नव्हता.

याउलट अण्णासाहेब कर्व्यांचे महिला विद्यापीठ पाहावे. १९१६ साली ते निघाले तेव्हा त्याला ना सरकारी पैसा होता ना सरकारी मान्यता. म्हणूनच मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याची आणि ‘गृहीतागमा’सारखी स्वतःची पदवी ठरवण्याची मोकळीक त्यांना मिळाली. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली. कायद्याने मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले. त्या काळात तिथे शिकलेल्या मुलींना पदवीचा सरकारी नोकरीसाठी फारसा उपयोग नव्हता, ही किंमत लहान नव्हती. तरीही हा प्रयोग आधी परवानगी मागत बसला असता तर तो झालाच नसता, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्यावरचा सर्वांत जड आक्षेप जोतीराव फुल्यांचा आहे. पंतोजींच्या ओवरीत अस्पृश्यांच्या मुलांना जागा नव्हती आणि मुलीही जवळपास नव्हत्याच. ज्याच्या हाती पैसा नाही आणि ज्याला गाव दारात उभे करत नाही, त्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही. म्हणून १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, सरकारने त्यातून अंग काढून घेऊ नये, असे बजावले. त्यांना सरकारी देखरेखही हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच निवेदनात त्यांनी दाखवून दिले की रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आहे. सरकारी तिजोरीचा ओघ आपोआप गरिबाकडे वळत नाही, ज्याचे वजन असते त्याच्याकडे वळतो, ही आजच्या बाजारवाद्यांची तक्रार त्यांनी तेव्हाच मांडली होती. शिवाय १८४८ची भिडेवाड्यातली त्यांची मुलींची शाळा खासगीच होती. सरकारी दक्षिणा फंडाचे दरमहा ७५ रुपये नंतर आले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यतेवाचून शाळा चालवली तर १ लाखापर्यंत दंड होतो आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार. हे कलम तेव्हा असते तर भिडेवाड्यातली शाळा उघडलीच नसती.

जोतीरावांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून निघते ती सार्वजनिक पैशाची गरज. सरकारी मालकीची नव्हे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हीच फोड केली: खर्च सरकारने उचलावा, शाळा पालकाने निवडावी. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब मुलांना देणारे शिक्षण हक्क कायद्यातले कलम त्याच दिशेचे आहे, पण पैशाची दोरी सरकारच्याच हाती राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली, आणि तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्दबातल ठरवला. या जागांचा पैसा थेट मुलाच्या नावे असता, तर कोणत्या शाळेचे दार त्याला उघडे राहील हे एका अधिसूचनेने ठरवता आले नसते.